फलक लागल्यावर बिघडलेलं ग्रीन: सातव्या होलचं प्रकरण

गोल्फच्या मैदानावरचं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत, खराब झालं की दोन स्पष्टीकरणं लगेच पुढे येतात. खेळाडू म्हणतात, देखभाल ढिली पडली. देखभाल करणारे म्हणतात, खेळाडू बेफिकीर झाले. या प्रकरणात दोन्ही अपुरी ठरली. इथे ग्रीनचं बरंचसं नुकसान केलं ते वाकून, वेळ काढून, मनापासून बॉल मार्क, म्हणजे चेंडू आदळून पडलेले खड्डे, दुरुस्त करणाऱ्यांनी. त्यांना कोणी चुकीचं ठरवत नव्हतं, उलट आम्ही त्यांचे आभार मानत होतो. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. त्या काळात मी क्लबच्या ग्रीन समितीवर होतो. कोर्सचं आणि माणसांचं नाव कळून वाचकाला काही मिळणार नाही, म्हणून ती देत नाही.

होल आणि त्याचं ग्रीन

सातवं होल (कोर्सचा सातवा टप्पा) पार-३, म्हणजे तीन फटक्यांत पुरं व्हावं असं, लांबीला कमी. टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, उंचावर, ग्रीन खाली. ग्रीनच्या पुढ्यात रुंद बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आणि मागे उतार. त्यामुळे चेंडू जमिनीवरून घरंगळत आत आणायची सोय नाही. लहान आयर्न किंवा वेज हा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, घ्यायचा, चेंडू उंच उडवायचा आणि बंकरच्या लगेच पलीकडे उतरवायचा, हाच खेळ. पार-४ किंवा पार-५ होलवर प्रत्येकाचा शेवटचा फटका वेगळ्या अंतरावरून, वेगळ्या कोनातून येतो आणि मार्क ग्रीनभर विखुरतात. इथे सगळे एकाच टीवरून, जवळजवळ सारख्याच क्लबने, एकाच पट्ट्यावर मारा करतात. चेंडू जवळजवळ उभाच खाली येतो, म्हणून खड्डाही खोल पडतो.

गवत क्रीपिंग बेंट, कापणीची उंची साधारण ३ मिलिमीटर. गोल्फचा चेंडू नियमाप्रमाणे व्यासाला कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर असतो. मऊ ग्रीनवर त्याचा पाव भाग जरी रुतला, तरी तो खड्डा गवताच्या उंचीच्या तिप्पट खोल होतो, हे आधी लक्षात घ्यायला हवं. ग्रीनची बांधणी युएसजीए या अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेने १९६० मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या पद्धतीची आहे: वर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूप्रधान मिश्रण, त्याखाली सुमारे १० सेंटिमीटर खडीचा थर. निचरा चांगला होतो. तरीही पाऊस लांबला की गवताच्या बुडाशी साठलेला जुन्या खोडामुळांचा थर पाणी धरून ठेवतो आणि वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊच राहतात.

तक्रार

पावसाचा एक लांबलेला काळ संपला आणि तक्रारी सुरू झाल्या. दोन-तीन पावलांवरचे पटही (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवायचे फटके) उडतात, सरळ मारलेला चेंडू होलच्या जवळ जाऊन कलतो, असं सगळे सांगू लागले. बहुतेकांनी त्याला ‘ग्रीन स्लो झालं’ असं नाव दिलं. मुख्य ग्रीनकीपरनी स्टिम्पमीटर काढून मोजणी केली. हे उपकरण म्हणजे खाच असलेली ३६ इंची पट्टी. ती साधारण २० अंशांपर्यंत उचलली की चेंडू खाचेतून सुटतो आणि ग्रीनवर किती लांब जातो ते मोजायचं. ओकमाँट मैदानावर झालेल्या १९३५ च्या युएस ओपन स्पर्धेनंतर एडवर्ड स्टिम्पसन यांनी त्याची पहिली लाकडी आवृत्ती बनवली. ओकमाँटच्या ग्रीन्स अवाजवी वेगवान आहेत असं त्यांना वाटलं होतं आणि ते मोजून दाखवायचं होतं.

सातव्याच्या मागच्या भागातला वेग बाकीच्या ग्रीन्सइतकाच निघाला. म्हणजे दुखणं वेगाचं नव्हतं. पुढच्या पट्ट्यावर चेंडू धड घरंगळत नव्हता, आणि स्टिम्पमीटर अंतर मोजतो, घरंगळण्यातला खरखरीतपणा मोजत नाही. हा फरक खेळाडूंना समजावून सांगायला हवा होता. तसं न करता समितीने सरळ उपाय केला. टीजवळ फलक लावला: आपला बॉल मार्क आणि शेजारचा आणखी एक दुरुस्त करा. सोबत एका डब्यात दोन दातांचे फोर्क ठेवले, कोणीही उचलावेत असे.

लोकांनी साथ दिली, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. ज्यांना मी कधी वाकताना पाहिलं नव्हतं तेही फोर्क घेऊन जाऊ लागले. उघडे राहिलेले मार्क दिवसागणिक कमी होत गेले. आणि पुढच्या काही आठवड्यांत पट्टा आधीपेक्षा वाईट दिसू लागला. जिथे खड्डे होते तिथे आता नाण्याएवढे तपकिरी ठिपके होते, मध्ये किंचित उंच, माती उघडी पडलेली. पट अजूनही उडतच होते, फक्त खड्ड्यात आपटून उडण्याऐवजी आता ते टेंगळावर चढून उडत होते.

समितीच्या बैठकीत कोणी म्हणालं रोग आहे, कोणी म्हणालं खत जास्त झालं. ग्रीनकीपर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “रोग असता तर ठिपके ग्रीनभर दिसले असते. मार्क बुजवले जाताहेत, ते मला दिसतंय. ते कसे बुजवले जाताहेत, ते आपण कोणीच पाहिलेलं नाही.” पुढच्या स्पर्धेच्या सकाळी समितीतल्या आम्हा तिघांना त्यांनी सातव्याच्या कडेला बसवलं. कोणाला काही सांगायचं नाही, टोकायचं नाही, फक्त बघायचं.

कडेला बसून दिसलं ते

पहिली गोष्ट, बेफिकीर माणसं फार थोडी होती. जवळजवळ प्रत्येक चौकडीत निदान दोघं तरी फोर्क काढून वाकत होते. पण बहुतेकांचा हात एकच हालचाल करत होता. फोर्क खड्ड्याच्या कडेने आत खुपसायचा, दांडा बाहेरच्या बाजूला खाली दाबायचा, म्हणजे आतली टोकं वर येतात आणि त्यांच्याबरोबर खड्ड्याचा तळही वर येतो. खड्डा भरलेला दिसतो. मग पटरने (पट मारायच्या क्लबने) एक थाप. काम झाल्याचं समाधान चेहऱ्यावर स्पष्ट दिसे. काही जण फोर्क थेट खड्ड्याच्या मध्यात घालून उकरत. काही जण पेचकस फिरवल्यासारखा गोल फिरवत. एक-दोघांनी बुटाच्या तळव्याने नुसतं घासलं.

दुसरी गोष्ट मला तोवर कधी सुचली नव्हती. ज्यांचा चेंडू पुढच्या पट्ट्यावर पडून उसळून मागच्या उतारावरून ग्रीनबाहेर गेला, ते खेळाडू थेट चेंडूकडे चालत जात. आपला मार्क पंधरा पावलं मागे, बंकरच्या कडेला पडलाय हे त्यांच्या ध्यानातच नसे. चिप, म्हणजे ग्रीनबाहेरून छोटा फटका, मारून, पट संपवून ते मागच्या बाजूने पुढच्या टीकडे निघून जात. यात आळस नव्हता. खेळाडूचं लक्ष चेंडू जिथे थांबला तिथे असतं आणि मार्क जिथे चेंडू पडला तिथे असतो. उघडे राहिलेले बहुतेक मार्क याच खेळाडूंचे होते.

तिसरी गोष्ट होलच्या कडेची. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, आतली नळी पृष्ठभागापासून किमान २५ मिलिमीटर खाली बसवलेली. म्हणजे वरचा काठ हा नुसता माती आणि मुळांचा असतो, त्याला आतून कशाचाही आधार नसतो. त्या सकाळी कितीतरी जणांनी कमरेत वाकायचं टाळून पटरच्या डोक्याने चेंडू बाहेर ओढला आणि दर वेळी काठाचा थोडा भाग घासला गेला. २०१९ पासून पिन (होलमधली झेंड्याची काठी) होलमध्ये ठेवून पट मारायला मुभा आहे, त्यामुळे पिन आणि काठ यांच्यामध्ये बोटं घालून चेंडू काढणारेही होते. काही जणांनी पिनसकट चेंडू उपसला. गोल्फच्या नियम १३.२सी प्रमाणे पिनला टेकून थांबलेल्या चेंडूचा कुठलाही भाग होलच्या आत, पृष्ठभागाखाली असेल, तर तो होलमध्ये गेलेला धरतात. चेंडू खाली पाडण्यासाठी पिन हलवायची गरजच नसते. पिन आधी सरळ वर काढावी, बाजूला ठेवावी आणि मग हाताने चेंडू घ्यावा. दुपारच्या चौकड्या आल्या तेव्हा काठाचा गोल एका बाजूला ढासळलेला होता, आणि तिथेच शेवटचा पट पडायचा की नाही हे ठरतं.

बंकरची वाळू बुटांतून ग्रीनवर येत होती, हेही दिसलं. मोवरच्या (गवत कापायच्या यंत्राच्या) पात्याला ती बोथट करते आणि बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. बंकरच्या बाहेर पाऊल टाकण्याआधी क्लबने बुटाच्या कडेवर एक टोला दिला की पुरतं.

गवताखाली काय घडतं

दुपारी ग्रीनकीपरनी आम्हाला नर्सरीच्या तुकड्यावर नेलं. बदलीसाठी गवत वाढवायची ती जागा. तिथे त्यांनी चेंडूने मुद्दाम खड्डे पाडले आणि एक खड्डा गवतासकट कापून बाजूने दाखवला. ते एकदा पाहिल्यावर पुढचं सगळं आपोआप समजतं.

तिरपा येणारा चेंडू गवत नुसतं खाली दाबत नाही, पुढेही ढकलतो. खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर गवताची लहानशी घडी जमते, अलीकडचा काठ ताणला जातो, कधी फाटतो. तळाशी माती घट्ट दाबली जाते. पण तळाला चिकटलेली मुळं पुष्कळदा अजून शाबूत असतात. फोर्कने तळ वर उचलला की पहिल्यांदा तीच तुटतात. शिवाय खालची माती वर येते आणि मध्यभाग भोवतालच्या पातळीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर उंच राहतो. एरवी हा फरक नगण्य वाटेल, पण इथे गवतच ३ मिलिमीटर उंच आहे. दुसऱ्या सकाळी रील मोवर आला की तो उंच भाग बुडापासून सोलून नेतो. खाली मुळं तुटलेली, वर पानं गेलेली, मध्ये उघडी माती. तपकिरी ठिपक्यांचा उलगडा इथे झाला.

उघडी माती फार दिवस उघडी राहत नाही. पोआ अ‍ॅन्युआ नावाचं गवत ग्रीनच्या उंचीवर कापलं तरी बी धरतं आणि मातीत त्याचं बी बहुधा आधीपासून असतंच. बेंट गवत कडेकडेने सरकत जागा भरून काढेपर्यंत पोआ तिथे उगवतं. त्याचा रंग फिकट, बी धरल्यावर पृष्ठभाग खडबडीत, आणि ताणाच्या काळात ते लवकर मान टाकतं. म्हणजे एक चुकीचा बुजवलेला मार्क त्या हंगामापुरता राहत नाही, ग्रीनवरचं गवतच बदलून टाकतो.

बरोबर पद्धत याच्या उलट आहे. डॉक्टर जखमेला टाके घालताना कडा जवळ आणतो, आतलं मांस वर उपसत नाही. इथेही तेच करायचं. फोर्क खड्ड्याच्या किंचित बाहेर, चांगल्या गवतात घालायचा. मग दांडा मध्याकडे झुकवायचा. त्यामुळे वरचं गवत आत सरकतं आणि जमिनीतली टोकं तळाला धक्का न लावता बाहेरच्या बाजूला जातात. सुरुवात पलीकडच्या काठापासून करावी, कारण ढकललं गेलेलं गवत तिथे जमलेलं असतं आणि तेच परत आणायचं असतं. मग फोर्क काढून थोडं पुढे, असं गोल फिरत चार-पाच ठिकाणी. कडा मध्यभागी भेटल्या की पटरच्या तळाने हलकेच दाबायचं, आपटायचं नाही. पूर्ण सुटलेला, मुळं नसलेला गवताचा तुकडा मध्ये पडला असेल तर आधी उचलून टाकावा. तो पुन्हा जगत नाही आणि कडांना भेटू देत नाही. शेवटी त्या जागेवरून स्वतः पट मारायला तयार असू, इतकी ती सपाट हवी.

लांब महागडा फोर्क लागतो असं नाही. चेंडू ठेवायची छोटी खुंटी, तिलाही टीच म्हणतात, तीसुद्धा चालते, फक्त हालचाल तीच हवी. माझ्या मते दांडा कुणीकडे झुकतो एवढी एकच गोष्ट शिकवायची असेल तर तीच शिकवावी. बाकी सगळं त्यातून येतं.

वेळही महत्त्वाचा आहे. फाटलेल्या काठाची मुळं उन्हावाऱ्यात लवकर वाळतात, म्हणून मार्क ताजा असतानाच दुरुस्त झालेला चांगला. संध्याकाळी देखभालीची माणसं फेरी मारून ते बुजवतील हा हिशोब म्हणूनच चुकतो. त्यांनी कितीही नीट बुजवलं तरी तोवर काठ वाळलेला असतो.

नियमांची भीती

बाकावर बसलेलो असताना एक प्रसंग घडला. एका ज्येष्ठ खेळाडूच्या पटच्या रेषेत बुटाच्या खिळ्यांनी गवत उचकटलं होतं. ते वाकले, थांबले आणि तसंच सोडून पट मारला. चेंडू त्या जागी उडाला. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, “अहो, रेषेतल्या स्पाइक मार्कला हात लावला तर पेनल्टी बसते ना?”

२०१८ अखेरपर्यंत ते बरोबर होतं. तोवर पट मारण्याआधी रेषेतले फक्त बॉल मार्क आणि जुन्या होलच्या जागी बसवलेले गवताचे तुकडे दुरुस्त करता येत. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियम १३.१सी मध्ये ग्रीनवरचं जवळपास कुठलंही नुकसान दुरुस्त करायची मोकळीक मिळाली: बॉल मार्क, बुटांनी झालेली इजा, क्लबचे किंवा पिनचे ओरखडे, जनावरांचे ठसे, रुतलेला खडा. चेंडू ग्रीनवर असो की बाहेर, ही मोकळीक आहेच. कॅडीलाही (खेळाडूची बॅग वाहणाऱ्याला) ते खेळाडूला न विचारता करता येतं. दुरुस्ती करताना चुकून चेंडू किंवा त्याची जागा दाखवणारा मार्कर हलला तर दंड नाही, तो मूळ जागी ठेवायचा.

मोकळीक नाही ती एरेशनच्या (मातीत हवा खेळावी म्हणून पाडलेल्या) भोकांना, गवत विरळ करण्यासाठी पाडलेल्या खाचांना, पाऊस किंवा सिंचनामुळे झालेल्या खराबीला, होलच्या काठाच्या नैसर्गिक झिजेला, आणि तण, रोग किंवा असमान वाढ यांसारख्या पृष्ठभागाच्या स्वाभाविक दोषांना. यातलं काही रेषेत असताना दाबून सुधारलं, तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन स्ट्रोकचा दंड आणि मॅच प्लेमध्ये (होलागणिक हारजीत ठरायच्या खेळात) ते होल गमवावं लागतं. ही सगळी मुभा फक्त ग्रीनपुरती आहे. ग्रीनला लागून असलेल्या फ्रिंजवरचा मार्क आपल्या रेषेत येत असेल तर आपला फटका होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

हा तपशील मी इथे मुद्दाम दिला, कारण नियमांच्या भीतीने ग्रीन न सांभाळणारे खेळाडू आमच्याकडे बरेच निघाले. ते सगळे नियम पाळणारे, जुने, इतरांना शिकवणारे होते. त्यांनी सोडलेला स्पाइक मार्क नवा खेळाडू बघतो आणि तोही सोडून देतो.

दुसरी भीती वेळेची. मागची चौकडी टीवर उभी असते आणि वाकलेल्या माणसाला पाठीवर त्यांची नजर जाणवते. मग तो घाईने दांडा दाबतो आणि निघतो. नियम ५.६बी ची शिफारस आहे की आपली पाळी आल्यावर, अडथळा नसेल तर, ४० सेकंदांत फटका मारावा. वेळ वाया जातो तो मार्क बुजवण्यात नव्हे, हे कडेला बसून स्वच्छ दिसलं. तो जातो या सवयींत: बॅगा ग्रीनच्या पुढच्या बाजूला सोडायच्या आणि पट संपल्यावर तिकडे परत चालत जायचं. होलजवळ उभं राहून स्कोअर लिहायचा. चौघांनी एकामागून एक रेषा वाचायची, प्रत्येकाने आधीच्याचं संपेपर्यंत स्वस्थ उभं राहायचं. मार्क नीट बुजवायला यापेक्षा कितीतरी कमी वेळ लागतो, आणि दुसरा खेळाडू रेषा वाचत असताना तो बुजवता येतो. दुसऱ्याच्या रेषेवर पाय न ठेवता आणि तो स्टान्स घेऊन उभा असताना हलायचं नाही, एवढंच पथ्य.

दंडाचा प्रस्ताव आणि तो का बारगळला

समितीत एका सदस्याने आचारसंहितेचा मुद्दा काढला. नियम १.२ए खेळाडूकडून कोर्सची काळजी घेण्याची अपेक्षा करतो आणि १.२बी प्रमाणे समितीला स्वतःची आचारसंहिता करून दंडही ठेवता येतो. मार्क न बुजवणाऱ्याला पहिल्यांदा ताकीद, मग एक स्ट्रोक, अशी त्यांची मांडणी होती. त्यांचा हेतू चांगला होता, ग्रीनबद्दलची कळकळही खरी होती.

मी विरोध केला. आमच्यासमोर असलेली अडचण न बुजवण्याची कमी आणि चुकीचं बुजवण्याची जास्त होती. दंडाच्या धाकाने माणूस वाकेल, फोर्क घालेल, उचकटेल आणि कोणी पाहिलं की नाही हे बघेल. आम्हाला नको होती तीच हालचाल आम्ही सक्तीची केली असती. शिवाय मार्क कोणाचा हे सिद्ध करायला प्रत्येक ग्रीनवर साक्षीदार लागले असते. प्रस्ताव मताला गेला नाही. त्या सदस्यांनीच तो मागे घेतला आणि पुढच्या कामात सगळ्यांत जास्त वेळ दिला.

केलं ते

फलक काढला नाही, मजकूर बदलला. ‘दुरुस्त करा’ याऐवजी एक रेखाचित्र आलं: फोर्क, खड्डा, आणि दांडा मध्याकडे जाणारा बाण. खाली एकच ओळ: तळ उचलू नका, कडा जवळ आणा. टीवर दुसरा लहान फलक: चेंडू कुठे पडला ते पाहून ठेवा.

पण खरा उपयोग झाला तो प्रात्यक्षिकाचा. पटिंगच्या सरावाच्या ग्रीनचा एक कोपरा ग्रीनकीपरनी राखून ठेवला. स्पर्धेच्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला तिथे दोन मार्क बुजवायला सांगितले: एक नेहमीच्या सवयीने, दुसरा दाखवलेल्या पद्धतीने. दोन्हींच्या शेजारी रंगाचे ठिपके दिले. त्या वेळी दोन्ही सारखेच नीटनेटके दिसत होते. काही जण तर म्हणाले, फरक काय? दुसऱ्या दिवशी मोवर फिरल्यानंतर तेच खेळाडू पुन्हा तिथून गेले, तेव्हा पहिल्या मार्कचा माथा सोललेला आणि दुसरा जवळपास ओळखू न येणारा होता. यानंतर फारसं कोणाला समजवावं लागलं नाही. कॅडी आणि ज्युनिअर खेळाडूंसाठी हेच वेगळं घेतलं. सगळ्यांत लवकर ते शिकले, कारण त्यांच्या हाताला जुनी सवय नव्हती.

ग्रीनकीपरनी त्यांच्या बाजूने बरंच केलं, आणि त्याशिवाय खेळाडूंचं शिकणं पुरलं नसतं. खराब पट्ट्यातले उंच ठिपके कापून, दाबून पातळीवर आणले, वाळू भरून बी टाकलं, काही ठिकाणी नर्सरीतल्या गवताचे तुकडे बसवले. सिंचन कमी करून वरचा थर घट्ट होऊ दिला. पिन काही काळ मागच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली. पिन मागे गेली की खेळाडू एक क्लब मोठा घेतात, मारा पुढच्या पट्ट्यावरून मागे सरकतो आणि पट्ट्याला विश्रांती मिळते. यावर तक्रार आली, कारण मागचा कोपरा अवघड आहे. खेळाडूने इथे थोडा समजूतदारपणा दाखवावा असं मला वाटतं. पिन कुठे आहे यामागे बहुतेक वेळा गवताच्या तब्येतीचं कारण असतं, आणि ग्रीनकीपर ते रोज प्रत्येकाला सांगू शकत नाही.

होलच्या काठासाठी स्टार्टरने (खेळ सुरू करून देणाऱ्याने) पहिल्या टीवरच दोन वाक्यं सांगायची ठरवली: पिन आधी काढा, चेंडू हाताने घ्या. ज्यांना पाठीच्या दुखण्यामुळे वाकता येत नाही त्यांनी पटरच्या मुठीला लावायचा रबरी कप वापरावा किंवा सोबत्याला चेंडू काढायला सांगावा. यात संकोच वाटू नये, म्हणून ते सगळ्यांसमोर सांगितलं.

सुधारलेलं आणि अडलेलं

पट्टा हळूहळू भरला. नवे तपकिरी ठिपके पडणं आधी कमी झालं, जुने भरायला त्यापेक्षा बराच जास्त काळ लागला. काही जागी पोआ घट्ट बसलं आहे, आणि ते काढायचं म्हणजे गवताचे तुकडे बदलणं आलं. ते काम सवडीने चालू आहे. पट सरळ जाऊ लागले तेव्हा ‘ग्रीन फास्ट झालं’ अशा प्रतिक्रिया आल्या. वेग तोच होता.

पाहुणे खेळाडू हा प्रश्न राहिला. ते एकदाच येतात, प्रात्यक्षिक पाहत नाहीत, आणि फलक वाचतातच असं नाही. त्यांच्याबरोबर खेळणाऱ्या सदस्याने टीवरून उतरतानाच “तुमचा चेंडू बंकरच्या पलीकडे डावीकडे पडला, मार्क तिथे असेल” इतकं सांगावं, अशी पद्धत काहींनी सुरू केली आहे. त्यात उपदेश नाही, माहिती आहे, आणि पाहुणा बहुतेक वेळा स्वतःच फोर्क मागतो.

आठव्या टीकडे जाणारी वाट मात्र अजून सुटलेली नाही. सातव्यावरून सगळे मागच्या उजव्या कोपऱ्यातूनच बाहेर पडतात, आणि तिथलं गवत पायांखाली दबून विरळ होत चाललं आहे. दोरी लावून वाट बदलून पाहिली, तर दोरीच्या टोकाशी तसाच पट्टा तयार झाला. सध्या ग्रीनकीपर दर आठवड्याला दोरीची जागा बदलतात. टीकडची पायवाट रुंद करून दोन बाजूंनी चढता येईल असं करावं, हा त्यांचा प्रस्ताव समितीपुढे आहे. त्यासाठी मागच्या उताराचा काही भाग कापावा लागेल, आणि उतार बदलला तर ग्रीनबाहेर जाणाऱ्या चेंडूंचं काय होईल यावर अजून एकमत झालेलं नाही.